ताई, शिक, पण वही ठेवून शिक

निपाणी,
रविवार

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की तुझे पप्पा मधेच फोन घेतात आणि विषय फिरून डी.एड.वर येतो, म्हणून लिहिते आहे. तू बेळगावात जनावरांच्या दवाखान्यात लागलीस आणि इंग्लंडमधल्या व्हेटर्नरी नर्सचं, म्हणजे जनावरांच्या नर्सचं, जे पाठवलंस, ते सगळं मी नाइट ड्युटीला वाचून काढलं. रात्री दोननंतर वॉर्ड शांत होता, त्यामुळे नीट वाचता आलं.

आधी एक सांगते. नीटला बीव्हीएस्सीची सीट हुकली म्हणून ही आता कुत्र्यामांजरांची नर्स होणार, असं आपल्या गल्लीत बोललं जातंय. बोलू देत. साडेपाच वर्षं शिकून डॉक्टर होणं हे एक काम, आणि भुलीतलं जनावर मान उचलेपर्यंत त्याच्या उशाशी बसणं हे दुसरं. माझ्या ड्युट्या बघत वाढलेल्या पोरीला यातला फरक मी काय समजावू!

तिकडची पद्धत मला आवडली, कारण तिथं शिकाऊ पोरीला वाऱ्यावर सोडलेलं नाही. नोकरी करत शिकायचं तर नोकरी आधी लागते, तीही रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या तिकडच्या पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षणाला मान्यता मिळालेल्या दवाखान्यात. काम करता करता कॉलेज. किमान 1,800 तास प्रत्यक्ष दवाखान्यातले. शिकवायला एक ठरलेला माणूस, क्लिनिकल कोच, म्हणजे अनुभवी नर्स किंवा डॉक्टर. एकेक काम जमलं की त्याची नोंद होते, कोच ती तपासतो. शेवटी टेबलाटेबलावर जाऊन हाताने करून दाखवायची परीक्षा, मग रजिस्टरात नाव. हे लोक 1961 पासून असं शिकवताहेत, म्हणजे घडी बसायला त्यांनाही वेळ मिळालाय. आणि रजिस्टरात नाव आल्यावरही हद्द ठरलेली आहे. त्यांच्या 1966 च्या कायद्यातलं तिसरं परिशिष्ट तू पाठवलंस ना, तेच. डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषधोपचार, किरकोळ शस्त्रक्रिया चालते. पोट किंवा छाती उघडायची नाही. निदान करणं डॉक्टरांचंच.

आता इथलं बघ. आपल्याकडे माणसांच्या नर्सला कौन्सिल आहे, रजिस्ट्रेशन आहे. जनावरांच्या नर्सला तसलं काही नाही. 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा म्हणतो, उपचार रजिस्टर्ड डॉक्टरांनीच करायचे. डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट असलेल्या माणसाला राज्य सरकारने परवानगी दिली असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग अशी प्राथमिक कामं करता येतात. नुसतं हाताखाली शिकलेल्याचा त्यात उल्लेखच नाही. अप्रेंटिसचा कायदा आपल्याकडेही 1961 चाच आहे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत आयटीआयची पोरं त्यावरच स्टायपेंड घेऊन शिकतात. पण तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुला "राहा, मी शिकवतो" म्हटलंय, ते त्यांच्या चांगुलपणावर. चांगुलपणाला शिक्का नसतो.

आमच्या वेळची एक बाई होती. नाव लिहीत नाही, दवाखान्याचंही नाही. शीर सापडत नसलेल्या पेशंटला तिलाच बोलवायचे, नवे डॉक्टर तिच्याकडे बघून शिकले. कोर्स मात्र केलेला नव्हता. पुढे तपासणी आली, रजिस्टर्ड नर्सांची यादी मागितली आणि व्यवस्थापनाने तिला आयांच्या पगारावर बसवलं. तिच्या हातात काडीचाही फरक पडला नव्हता. तू दवाखान्यात सगळ्यांना हवीहवीशी होशील याची मला खात्री आहे, आणि भीती वाटते ती त्याचीच. हवीहवीशी झालं की कागदाचं राहून जातं.

म्हणून माझं म्हणणं असं. दवाखाना सोडू नको, पण पशुसंगोपनाच्या डिप्लोम्याची चौकशी कर. बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा आहे, दहावीनंतर दोन वर्षांचा. पशुसंवर्धन खात्यातली पशुवैद्यकीय परीक्षक (व्हेटर्नरी इन्स्पेक्टर) मंडळी याच वाटेने येतात. त्यात भर गाईम्हशी, शेळ्यामेंढ्या, कोंबड्यांवर. तुझी कुत्री-मांजरं तोंडी लावण्यापुरती. चालेल. म्हशीचं पोट कळलं की पग कुत्र्याचं कळायला जड जाणार नाही. आपल्याच जिल्ह्यात अथणीकडे कोकटनूरला व्हेटर्नरी कॉलेज झालंय, तिथं जाऊन प्रत्यक्ष विचार, यूट्यूबवर नको. आणि कन्नड पक्कं कर. बोलता येतं म्हणतेस, पण औषधाच्या नोंदी आणि खात्याचे अर्ज लिहिता आले पाहिजेत. कुणी काहीही म्हणो, ज्या सरकारकडे नोकरी मागायची त्याची भाषा लिहिता यायला हवी. महाराष्ट्राच्या भरतीत सीमाभागातल्या 865 गावांच्या उमेदवारांना अर्ज करता येतो, आपली निपाणी त्यात आहे. ती वाटही डोक्यात ठेव. सीमेवर राहण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा माणसाने.

तोवर वही. तिकडच्यासारखी नोंदवही आपली आपण करायला कुणाची परवानगी लागत नाही. जाड, पानांना नंबर असलेली घे. तारीख, जनावर, वय, वजन, काय केलं, कुणाच्या देखरेखीखाली. आठवड्याला डॉक्टरांची सही. "मालकाचं नाव, फोन" लिहू नको, ते दवाखान्याच्या रजिस्टरात असतंच. "कुत्र्याला सलाईन लावलं" हे लिहून काय उपयोग? पुढच्या पायाची शीर, केस कुठवर कापले, किती गेजचा (जाडीचा) कॅन्युला, म्हणजे शिरेतली नळी, कितव्यांदा आत गेला, कुणी धरलं होतं आणि कसं धरलं होतं, असं लिही. धरणाऱ्याने कोपर मागून पुढे ढकललं नाही तर कुत्रं पाय मागे ओढतं आणि शीर हातची जाते, हे तूच मला सांगितलंस. मला माणसांत एवढं कळत नव्हतं, माणूस स्वतः हात पुढे करतो.

भुलीचा तक्ता वेगळा ठेव. दर पाच मिनिटांनी ठोके, श्वास, हिरडीचा रंग. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. झायलाझिन हे गुंगीचं औषध दिलं की ठोके मंदावतात, तेव्हा "मंद आहेत" असं न लिहिता आकडा लिही. ताप बघताना आपला हिशेब विसर: माणसाला 102 म्हणजे ताप, कुत्र्याला 102 फॅरनहाइट म्हणजे ठणठणीत. छोटी पिल्लं भुलीत पटकन गार पडतात, टेबलाच्या स्टीलवर थेट ठेवू नको. आणि घशातली नळी, गिळायला लागल्याशिवाय काढायची नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर ती सोसवेल तितकी राहू द्यायची, चांगलं शुद्धीवर येईपर्यंत. ऑपरेशन झालं की सगळे चहाला जातात. तू जाऊ नको. आमच्याकडेसुद्धा पेशंट बिघडतो तो ऑपरेशननंतरच्या त्या अर्ध्या तासात.

आता ज्यावर मी ऐकून घेणार नाही ते. रेबीजची आधीची इंजेक्शनं घेतलीस का? कुत्रं चावल्यावर घ्यायची ती वेगळी. तुझ्यासारखं काम करणाऱ्यांना आधीच द्यायची असतात: पहिल्या दिवशी, तिथून सात दिवसांनी आणि एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी. ती झालेली असली आणि पुढे चावा बसला, तर दोनच डोस लागतात, पहिल्या दिवशी आणि तिथून तीन दिवसांनी, आणि जखमेत सीरम टोचावं लागत नाही. पण जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हे तरीही चुकवायचं नाही. चावलेलं पिल्लू दोन महिन्यांचं, गोजिरवाणं असलं तरी.

पार्व्होचं, म्हणजे त्या उलट्या-हगवणीच्या साथीच्या रोगाचं, पिल्लू आलं की त्याला वेगळं ठेवायचं, त्या खोलीचे चप्पल वेगळे, आणि फिनाइलवर भरवसा ठेवायचा नाही. तो विषाणू साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही, ब्लीच लागतं. आणि आधी घाण धुऊन मग ब्लीच. उलटं केलंस तर ब्लीच वाया.

गावाकडचं एक वेगळंच आहे. तू दवाखान्यात लागलीस हे कळल्यापासून आज्जीच्या गावचे लोक मला वाटेत थांबवतात. कुणाची म्हैस गाभडली, कुणाचं वासरू हगवणीने पडलंय. "ताईला विचारा की, आता ती डॉक्टरीणच." तू सुट्टीला आलीस की तुला गोठ्यात नेतील. गाभडलेल्या म्हशीचा वार उघड्या हाताने ओढायला जाऊ नको, कितीही आग्रह झाला तरी. ब्रुसेला हा जंतू असला तर माणसाला लागतो, ताप येतो-जातो आणि महिनोन्‌महिने सांधे धरतात. असे पेशंट मी वॉर्डात बघितलेत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावून द्यायचा, ते येईपर्यंत जनावर बाजूला बांधून ठेवायला सांगायचं आणि दूध उकळूनच प्यायला. तेवढीच तुझी हद्द. मांजरवाल्यांना आणखी एक सांगत जा: घरातली पॅरासिटामॉल मांजराला म्हणजे विष, अर्धी गोळीसुद्धा. हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही.

नाही म्हणायला तुला जड जाईल. माणसं रागावतील, म्हणतील शहरात गेली आणि शेफारली. इंजेक्शन द्यायला हात सराईत होतो तसा "डॉक्टरांना विचारते" म्हणायला जीभ सराईत व्हावी लागते, आणि तिला जास्त दिवस लागतात.

पप्पांचं मी बघते. त्यांचा राग तुझ्या कामावर नाही, "पुढे काय" याचं उत्तर मिळत नाही म्हणून ते डी.एड. धरून बसतात. डिप्लोम्याचा फॉर्म हातात पडला की निम्मे गप्प होतील. निम्मे होणार नाहीत, तेवढं चालवून घ्यायचं. खोलीचं भाडं पुढचे काही महिने मी देते. पगारातले पैसे आधी गमबूट आणि चांगल्या स्टेथोस्कोपला घाल. माझा जुना मागू नको, तो मलाच लागतो.

येत्या शनिवारी पप्पा कामासाठी बेळगावला येताहेत, त्यांच्यासोबत चटणी आणि तुझी दहावीची मार्कशीट पाठवते. मार्कशीटच्या चार झेरॉक्स काढून मूळ प्रत त्यांच्याच हाती परत दे. आणि रेबीजचा पहिला डोस सोमवारीच घे. कार्डाचा फोटो मला पाठव, त्यांना नको, उगाच घाबरतील.

तुझी
आई