वर्गणी कोण भरतो, हा खरा प्रश्न

महोदय,

‘शिडाच्या बोटींची मासिके आता श्रीमंतांपुरती’ हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. मी राहतो त्या ब्रिटनपुरते बोलायचे तर तो निष्कर्ष अर्धाच पटतो. इथल्या धक्क्यांना लागलेल्या फायबरग्लासच्या कितीतरी बोटी १९७०-८०च्या दशकांतल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना नव्याकोऱ्या नौकांच्या चकचकीत परीक्षणांशी काही देणेघेणे नसते. बोटीच्या तळाशी बसवलेल्या पितळी झडपेतील जस्त खाऱ्या पाण्याने निघून जाऊन ती गुलाबी दिसू लागली, तर आणखी एक हंगाम तिच्यावर विसंबावे का, असे त्यांचे प्रश्न असतात. अशांसाठीच १९६७ मध्ये ‘प्रॅक्टिकल बोट ओनर’ हे मासिक निघाले. ‘यॉटिंग मंथली’ या मासिकाने तर अपघातात काय करावे हे वाचकांना दाखवण्यासाठी एक जुनी बोट घेऊन तिची डोलकाठी मुद्दाम पाडली, तिला भोक पाडले आणि शेवटी गॅसचा स्फोटही घडवला, एवढा खर्चिक उपद्व्याप यूट्यूबवरचा हौशी नाविक क्वचितच करील.

मात्र नौकाबांधणी कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणारे मासिक त्यांच्याच मालाला नावे कशी ठेवणार? अमेरिकेतील ‘प्रॅक्टिकल सेलर’ने छापील अंकात जाहिराती न घेता वर्गणीवर भिस्त ठेवली आणि म्हणूनच कोणता रंग वा दोर टिकला नाही, हे त्याला नावानिशी छापता आले. आपल्या लेखात खपाची चर्चा होती, उत्पन्नाच्या या बाजूची नव्हती. ती व्हायला हवी होती.

– एक वाचक, साउदॅम्प्टन