शिबिराला हातभार लावणाऱ्यांचे मनापासून आभार

अमळनेरच्या शिबिरात पोरांच्या शेजारी बसून माहिती अधिकाराच्या अर्जाची ओळन् ओळ तपासणाऱ्या दादांचे ऋण मोठे. 'रस्ता का झाला नाही?' असं लिहिलं की अर्ज फसतो. कारण विचारायचं नाही, मंजुरी आदेशाची आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या सरकारी वहीची) प्रत मागायची. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तारखेची पोच, मग ३० दिवस वाट.

भांडण सोडवायच्या नाटुकल्यात दांडगी पोरंच दरवेळी दमदाटी करणारे होतात आणि राग मनात राहतो. भूमिका बदलून खेळ पुन्हा घेणाऱ्या, शेवटी सगळ्यांना गोलात बसवून बोलतं करणाऱ्या ताई, तुम्ही नसता तर हे जमलंच नसतं.

आणि पहाटे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा पाठवणाऱ्या मावश्या! साने गुरुजींनी शिकवलं त्या गावात सगळी पोरं एका पंगतीत जेवली.