१९५१चे ‘डॉन्स’ यादीत का नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या जुन्या विजेत्यांवरचा मजकूर आपल्या क्रीडा पानावर वाचला. (हा फुटबॉल लांबट चेंडूचा, बराचसा हातानेच खेळला जाणारा.) त्यात १९५१ सालापुढे टेनेसी विद्यापीठाचे नाव आहे. नोंदीप्रमाणे ते बरोबरच. पण त्या काळी हे अजिंक्यपद मैदानावर ठरत नसे. पत्रकार आणि प्रशिक्षक मते देत, तीही हंगामअखेरचे मानाचे ‘बाउल’ सामने होण्याआधी! टेनेसीला विजेते ठरवून झाले आणि १ जानेवारी १९५२ रोजी शुगर बाउलमध्ये मेरीलँडने त्यांना २८-१३ असे लोळवले. पद मात्र शाबूत.

त्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘डॉन्स’ संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. त्यांचा ऑली मॅटसन चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धावला. देशात त्या वर्षी कोणी एवढे धावले नव्हते. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्ध किक-ऑफचा चेंडू धरून हा पठ्ठ्या ९४ यार्ड सुसाट सुटला, म्हणजे जवळजवळ अख्खे मैदान पार. आणि मतदानात संघाचा नंबर? चौदावा. कॉलेज लहान, प्रतिस्पर्धी फारसे तगडे नाहीत, हे कारण एक वेळ मान्य करू.

पण बाउलचे दार बंद झाले ते वेगळ्याच कारणाने. मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय होते. त्या दोघांना घरी ठेवून आलात तर ऑरेंज बाउलला खेळवू, असा निरोप आल्याचे संघातल्यांनीच पुढे सांगितले. पोरांनी साफ नकार दिला. विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात होता आणि बाउलच्या पैशावर तो कदाचित तगला असता, हे ध्यानात घेतले की त्या नकाराचे वजन कळते. हंगाम संपला आणि विद्यापीठाने या दर्जाचा फुटबॉलच बंद केला. नऊ विजय, आणि संघ मोडीत!

मॅटसन, जिनो मार्चेटी आणि बॉब सेंट क्लेअर हे या एकाच संघातले तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेले. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा पीट रोझेल १९६०मध्ये एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, आयुक्त झाला. टोलरची खेळाडू म्हणून कारकीर्द गुडघ्याच्या दुखापतीने संपली, पण १९६५मध्ये तोच एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. मतदान करणाऱ्यांना यातले काहीच दिसले नसेल? आपल्याकडच्या निवड समित्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आम्हा कराडकरांना मॅटसन आणखी एका कारणाने जवळचा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्याच ऑलिम्पिकमध्ये आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक पटकावले होते.

१५ जानेवारीला, खाशाबांच्या जयंतीला, आपण हेलसिंकीवर काही छापणार असाल तर त्यात मॅटसनची एक चौकट जरूर टाकावी. आणि विजेत्यांची यादी पुन्हा छापाल तेव्हा १९५१पुढे तळटीप द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड