टाकी तुंबायची वाट कशाला पाहायची?

महोदय,

छोट्या शहरांतल्या सांडपाण्याचा विषय निघाला की गाडी थेट भुयारी गटार योजनेवर जाते. आराखडा, निधी, मग वर्षानुवर्षे उकरलेले रस्ते. तोवर बहुतेक घरांचा मैला सेप्टिक टँकमध्येच साठत असतो. टाकी तुंबून संडास उलटा यायला लागला की सक्शन गाडीवाल्याला फोन. तो मागेल ते पैसे द्यायचे आणि गाडी कुठे रिकामी होते ते विचारायचे नाही. आमच्याकडे ती अंधार पडल्यावर ओढ्याच्या पुलाशी थांबते. सकाळी पुलावरून जाणारा नाक दाबून जातो.

उपाय आमच्याच सातारा जिल्ह्यात आहे. वाई आणि नाशिककडचे सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास वेळापत्रकाने टाक्या उपसायला सुरुवात केली. प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची, तुंबलेली असो वा नसो. दारात पैसे मागायचे नाहीत, खर्च करातून. तीन वर्षे यासाठी, की गाळ वाढत गेला की टाकीत पाणी निवळायला जागा उरत नाही आणि मैला गटारात वाहू लागतो. शिवाय काम गाडीनेच होत असल्याने टाकीत माणूस उतरवण्याची वेळ येत नाही. सुरक्षा साधनांशिवाय असे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी माणसे गुदमरून मरतातच.

त्यानंतर राज्यातल्या अनेक नगरपरिषदांनी मैलागाळ प्रकल्प, म्हणजे टाक्यांतून उपसलेल्या गाळावर प्रक्रिया करणारी केंद्रे, बांधले. बांधकाम झाले, फलक लागला. पण वेळापत्रक नसेल तर गाळ येणार कुठून? सुकवण्याच्या वाफ्यांत गवत उगवते. खरे तर हे वाफे साधे असतात: खाली खडी, वर वाळू, त्यावर गाळ. पाणी झिरपते, बाकीचे उन्हात वाळते, विजेचे बिल नाममात्र. मोठ्या मलशुद्धीकरण केंद्राचे पंप बिलापायी बंद पडण्यापेक्षा छोट्या गावाला हे झेपते.

वाळलेला गाळ ओल्या कचऱ्याबरोबर नीट कुजवला, ढीग पुरेसा तापला, की जंतांची अंडी मरतात आणि खत होते. कर्नाटकात देवनहळ्ळीला शेतकरी असे खत नेतात. आपल्याकडे लोक आधी नाक मुरडतील, हे धरूनच चालावे; पालेभाजीला ते घालू नये, तपासणीशिवाय तर कशालाच नाही. प्रक्रिया केलेल्या पाण्याचाही असाच उपयोग होतो. नागपूरच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला कोराडीचे वीजकेंद्र गिऱ्हाईक मिळाले. आमच्याकडे वीजकेंद्र नाही, पण पालिकेची रोपवाटिका आहे आणि उन्हाळ्यात तिला टँकरने पाणी घालतात.

नव्या योजनेची घोषणा नको. मुख्याधिकाऱ्यांनी दर महिन्याला प्रभागवार एवढेच जाहीर करावे: किती टाक्या उपसल्या, किती खेपा झाल्या आणि त्यातल्या किती प्रकल्पाच्या फाटकातून आत गेल्या. खासगी गाड्यांनाही परवाना देताना हीच नोंद सक्तीची करावी.

– एक वाचक, जि. सातारा