ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, फेडायची असल्यामुळे नवरा-बायकोचा कोयता मार्च-एप्रिलपर्यंत फडात राबतो आणि घरी सांभाळणारे कोणी नसेल, तर मुलेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून त्यांच्याबरोबर जातात. शाळेचे दुसरे सत्र त्यामुळे जवळजवळ संपूर्ण बुडते.

ही मुले गावातच राहावीत म्हणून समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहांची योजना चालते आणि तिचे मोल आम्ही जाणतो. अडचण असते ती वेळेची. निधी गावापर्यंत पोहोचण्यास उशीर झाला, तर तोवर टोळी निघून गेलेली असते, आणि एकदा फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेलेले मूल हंगाम संपेपर्यंत सहसा परत येत नाही. त्याहून मोठी अडचण नववी-दहावीच्या मुलींची आहे. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ वर्षे वयाला आहे. त्यापुढच्या मुलीच्या वाट्याला फडावर स्वयंपाक, पाणी आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे येते, आणि तिला मागे एकटी ठेवण्याच्या काळजीपोटी आईवडील तिचे लग्न अठरा वर्षांआधीच उरकून टाकतात. या आईवडिलांना दोष देणे आम्हाला मान्य नाही. मुलगी सुरक्षित राहील अशी जागा गावात असेल, तर तिला शिकवायला ते तयार असतात, हा आमचा अनुभव आहे.

शासनाची जागा घेणे स्वयंसेवी संस्थेला शक्य नाही आणि ते योग्यही ठरणार नाही. पण नियमात न बसणाऱ्या माणसापर्यंत पोहोचणे, एखादा उपाय छोट्या प्रमाणावर सिद्ध करून दाखवणे आणि मग तो शासनाने उचलावा म्हणून पाठपुरावा करणे, हे काम संस्थाच करू शकतात. आमच्या शेजारच्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बाळांचे प्राण वाचवू शकतात हे दाखवले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये घरपोच नवजात बालसेवा आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झाली. आमचे काम फार लहान आहे, पण वाट तीच आहे.

येत्या हंगामात वसतिगृह पहिली टोळी निघण्याआधी उघडावे आणि नववी-दहावीच्या मुलींना त्यात जागा असावी, असा आमचा निश्चय आहे. त्यासाठी ज्वारी, तूरडाळ, तेल, सतरंज्या, चादरी आणि रात्रीच्या अभ्यासासाठी सौरदिवे हवे आहेत. मुक्कामी राहणाऱ्या दोन महिला काळजीवाहकांच्या मानधनासाठी रोख निधीची गरज आहे. वस्तू सहज मिळतात, मानधनासाठी मात्र कोणी चटकन पुढे येत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत: रात्री मुलींजवळ भरवशाची बाई नसेल, तर वसतिगृह उघडून उपयोग नाही.

देणगी शक्यतो धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी, कारण २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला ८०जी कलमाखाली करसवलत मिळत नाही. आमच्याकडे विदेशी निधी स्वीकारण्याची नोंदणी नसल्यामुळे परदेशस्थ मराठी बांधवांपैकी ज्यांचे भारतीय नागरिकत्व कायम आहे, त्यांनीच स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठवावी, ही विनंती. जमाखर्च दरमहा शाळेच्या फलकावर लावला जाईल आणि देणगीदारांना लेखी कळवला जाईल.

गणित आणि इंग्रजी शिकवू शकणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तरी दहावीच्या मुलींना मोठा आधार होईल. धान्य व साहित्य घटस्थापनेपूर्वी गावातील शाळेत पोहोचवावे. दूरच्या दात्यांनी आधी कळवल्यास ते आणण्याची व्यवस्था आम्ही करू.

आपले नम्र,
संस्थेचे विश्वस्त व कार्यकर्ते