ताई, त्या पहाटे तुम्ही कॅरेट उलटं केलंत

ताई,

त्या पहाटे मी तुमचे आभार मानले नाहीत. पैसे मोजून दिले, गाडीत बसलो आणि निघालो. पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली तेव्हा डोळे भरून आले. त्यानंतर कितीदा तुमच्या गाळ्यावरून भाजीचा माल उचलला, पण मागे रांग उभी असताना बोलण्याचा हा विषय नव्हे असं दर वेळी वाटलं आणि राहून गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण ज्यांनी आम्हाला आधी फिरवलं त्यांच्या नजरेला पडलं तर बरंच होईल.

आमचा, म्हणजे माझा नि बायकोचा, विचार साधा होता. पोटापाण्यासाठी नाना देशांतून आलेली माणसं एकेका वस्तीत दाटीने राहतात. बहुतेकांकडे गाडी नसते. ड्यूटी सुटेपर्यंत दुकानं मिटलेली, नाहीतर दोन पिशव्या सांभाळत बसला लटकायचं. एवढं करून हाती येते ती प्लास्टिकमध्ये घामेजलेली पालेभाजी. आम्ही दोघांनी हे अनेक वर्षं काढलंय. ताजी भाजी गाडीत भरायची, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी त्यांच्या इमारतीखाली उभं राहायचं. यापलीकडे आमच्या डोक्यात काही नव्हतं.

एका सल्लागाराने भक्कम फी घेऊन जाडजूड अहवाल दिला. गाडीचा रंग कुठला, नाव कसं लिहायचं, ॲप कधी काढायचं, सगळं त्यात होतं. कुठल्या भाजीशेजारी कुठली ठेवू नये, याची एक ओळ नव्हती. आपल्याच ओळखीतले काही ‘बघू, नक्की करू काहीतरी’ म्हणाले आणि मग फोन उचलेनासे झाले. त्यांचं सोडून देतो.

पण तो पहिला व्यापारी सुटत नाही मनातून. अर्धं कॅरेट मागितलं की तोंड फिरवायचा, म्हणून आम्ही २०-२५ घरांसाठी आख्खी कॅरेटं उचलत होतो. वरचा थर असा की फोटो काढावा. लालबुंद, एकसारखे टोमॅटो, देठ हिरवे. पहिल्याच फेरीत तो थर संपला आणि खाली हात घातला तर बोटं आत रुतली. खालच्या दोन थरांत मऊ पडलेले, चिरलेले, काहींच्या देठाशी पांढरी बुरशी. गिऱ्हाइकांसमोर उभा होतो मी. ते कॅरेट घेऊन परत गेलो तेव्हा त्याने फोनवरून नजर न उचलता सांगितलं, “उचलताना बघून घ्यायचं.” कसं बघणार होतो? बघायला वाकलो तर मागचा माणूस ढकलायचा, आणि याचे हमाल ‘चला चला’ करत कॅरेट गाडीत टाकूनही मोकळे व्हायचे.

एक म्हाताऱ्या बाई दर फेरीला यायच्या. आमची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची आम्हाला. त्या दिवशी त्यांच्या पिशवीत खालच्या थरातले टोमॅटो गेले. त्या भांडायला आल्या नाहीत. यायच्याच थांबल्या. माझ्या बायकोला त्याचं जास्त लागलं. रात्री सडका माल निवडता निवडता ती म्हणाली, “ओरडल्या असत्या तर निदान माफी तरी मागता आली असती.” गाडी विकून टाकायचं त्या रात्री जवळजवळ ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, शेवटचं म्हणून, मी तुमच्या गाळ्यावर आलो. अर्धं कॅरेट मिळेल का, हे विचारतानाच मला नकार ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात, “घ्या की. उरलेलं अर्धं जाईल माझं.” मी खिशात हात घातला, तर तुम्ही हातानेच थांबा म्हणालात. कोपऱ्यातलं गोणपाट ओढलंत, जमिनीवर पसरलंत, गुडघे टेकून बसलात आणि माझ्यासमोर आख्खं कॅरेट त्यावर हळूच उलटं केलंत.

ताई, तुम्हाला हे आठवतही नसेल. मला त्यातला क्षणन् क्षण आठवतो. एक हात कॅरेटच्या तोंडाशी धरून तुम्ही टोमॅटो असे उतरवलेत की एकही आपटला नाही. मग तळहाताने ते पसरलेत, एकेक फिरवून बघितलात, देठाच्या खळग्यावर अंगठा दाबलात. ११ टोमॅटो बाजूला काढलेत. मी मोजत होतो. त्यांतले चार-पाच तर मला चांगलेच वाटले होते. दुसऱ्या कॅरेटमधून ११ आणून भरलेत आणि म्हणालात, “वरचा थर आपण बघतो. खालचा गिऱ्हाइकाच्या घरी जातो.” मी काही मागितलं नव्हतं. तक्रार केली नव्हती. तुम्ही मला ओळखतही नव्हता. मागे तीन माणसं खोळंबली होती आणि तुम्ही घाई केली नाहीत.

त्यानंतर तुम्ही माझ्या गाडीत डोकावलात. केळ्यांच्या फण्या पालकाच्या जुड्यांना टेकून ठेवलेल्या, आणि ताजं राहावं म्हणून मी सगळी गाडी ४ अंशांवर थंड केलेली. तुम्ही हसला नाहीत. केळी उचलून स्वतः पुढच्या सीटवर नेऊन ठेवलीत. पिकणारी केळी नि टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते आणि काकडीचा हिरवा रंग उडतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. केळी १३ अंशांखाली गेली की साल काळवंडते. टोमॅटोची चव फ्रिजच्या थंडीत मरते. पालक-कोथिंबिरीला मात्र शून्याजवळची थंडी आणि भरपूर ओलावा लागतो. म्हणजे एकाच गाडीत दोन-तीन वेगळे ऋतू सांभाळायचे. “तोडलेली भाजीसुद्धा श्वास घेते, गरम होते,” म्हणत तुम्ही घट्ट रचलेल्या जुड्यांच्या मध्ये माझा हात घालायला लावलात. वरच्या जुड्या गार होत्या आणि मधल्या चक्क कोमट. अहवालाच्या आख्ख्या बाडातून जे मिळालं नाही ते त्या हाताला कळलं.

तेव्हा ताई, काळ्या पडलेल्या केळ्यांचा दोष मी त्या व्यापाऱ्याच्या माथी मारत होतो, तो माझाच होता. टोमॅटोंचं पाप मात्र त्याचंच.

आता गाडीत मध्ये पडदा आहे. एका बाजूला थंडी, दुसऱ्या बाजूला केळी नि टोमॅटो, आणि त्यांच्यापासून लांब काकडी. बटाट्यांपासून कांदे लांब. आदल्या संध्याकाळी लोक फोनवर मागणी कळवतात, त्यामुळे माल अंदाजाने भरावा लागत नाही आणि उरतोही थोडा. कुठल्या वस्तीत कधी काय खपतं तेही कळू लागलंय. कुणाचा उपवासाचा महिना चंद्रावर चालतो आणि दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, तर त्या महिन्यात गाडी दुपारऐवजी संध्याकाळच्या आधी न्यावी लागते. हे सगळं हळूहळू जमलं. पण रोज सकाळी पहिल्या इमारतीखाली गाडी लागली की सगळ्यात आधी काय करतो सांगू? गोणपाट पसरतो आणि टोमॅटोचं एक कॅरेट सगळ्यांसमोर उलटं करतो.

त्यानंतर माणसं बोलायला लागली. भेंडीचं टोक मोडून बघत एकाने ‘बामिया’ म्हटलं, दुसरा ‘कियाबो’ म्हणाला, तिसऱ्याकडून ‘ओकुरा’ आलं. वांग्याला कुणी ‘बेरेनहेना’ म्हणतं, कुणी ‘पातलिजान’, कुणी ‘ओबेर्जिन’, आणि नीट ऐकलं तर ही सगळी एकाच फारसी-अरबी शब्दाची देशोदेशी फिरून आलेली रूपं. बायको पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ही नावं ज्याच्या त्याच्याकडून, ज्याच्या त्याच्या लिपीत लिहून घेते आणि पाटीत खोचते. दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत काम करून थकलेला माणूस आपल्या अक्षरातलं ‘भेंडी’ वाचतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. परक्या मुलखात माणूस नुसता भाजीला महाग होत नाही ताई, विश्वासाला होतो. भाषा अर्धवट, दाद मागायची कुठे ठाऊक नाही, म्हणून खालचा थर नेमका त्याच्याच पिशवीत जातो. तो फसतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे त्याच हिशेबाने चालतात. अशा बाजारात एक बाई गुडघे टेकून, कुणी न सांगता, आपला माल तळापर्यंत उघडा करून दाखवते. चांगुलपणावर मोठमोठं बोलणारे पुष्कळ भेटले. तो असा जमिनीवर पसरलेला मी त्या पहाटे बघितला.

त्या म्हाताऱ्या बाई गेल्या महिन्यात पुन्हा आल्या. लांब उभ्या राहून आधी नुसत्या बघत होत्या. मी कॅरेट उलटं केलं, खराब निघालेले तीन टोमॅटो बाजूला टाकले. त्या जवळ आल्या, वाकल्या, तळातले चार उचलून स्वतःच्या पिशवीत घातले. परवा आल्या तेव्हा गोणपाटाकडे त्यांनी बघितलंही नाही. पिशवी उघडी धरून माझ्या बायकोपुढे उभ्या राहिल्या.

ताई, सोमवारी पहाटे मी माल न्यायला येतोय. या खेपेला बायकोही सोबत आहे, तिला तुम्हाला बघायचंय. जरा गर्दी कमी असताना येऊ.

तुमचा,
अर्ध्या कॅरेटवाला