अतिदक्षता विभागातील सिस्टरांस आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

बाबांच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर आपण त्यांच्या शरीरातल्या पाण्याचा जो चोख हिशेब ठेवलात, त्याबद्दल आम्हा सर्वांच्या वतीने मनःपूर्वक आभार मानते. सर्जनसाहेबांचे आभार आम्ही समक्ष मानले, आपले मानायचे राहून गेले.

बाबांचा सुजलेला चेहरा पाहून आई घाबरली, तेव्हा हातातले काम आटोपून आपण तिला नीट समजावलेत, की शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या आधी सुमारे 1 ते 1.5 लिटर द्रवाने भराव्या लागतात, तो रक्तात मिसळतो आणि मशीनमधून रक्त फिरल्यामुळे केशवाहिन्या पाझरू लागून पाणी अंगात मुरते. अंगावर सूज असूनही रक्तवाहिन्यांत मात्र पाणी कमी पडू शकते, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले. सलाईन कमी पडले तर रक्तदाब घसरून मूत्रपिंडांवर ताण येतो, जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी साठते. म्हणूनच छातीतल्या नळ्यांतून किती रक्त आले आणि लघवी किती झाली, याची नोंद आपण दर तासाला करत होतात. 60 किलो वजनाच्या माणसाला ताशी निदान 30 मिलिलिटर लघवी व्हायला हवी. भेटीच्या वेळी एकदा ती कमी दिसताच आपण आधी वाकून लघवीच्या कॅथेटरची नळी कुठे दुमडली आहे का ते पाहिलेत आणि लगेच डॉक्टरांना बोलावलेत.

पुढे लॅसिक्स हे लघवी वाढवणारे औषध सुरू झाल्यावर पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते आणि ठोके अनियमित होऊ शकतात, म्हणून रक्ततपासणीचा अहवाल येईपर्यंत आपली चाललेली विचारपूसही आम्ही पाहिली. बाबा पाण्यासाठी चिडत, तेव्हा मापाच्या पेल्यातले दोन घोट पाजून आपण तेसुद्धा तक्त्यात लिहीत होतात. रागावलेल्या रुग्णाशी इतक्या शांतपणे बोलणे मला जमले नसते.

आता कोथरूडला घरी आल्यावर बाबा रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करतात आणि आई ते वहीत लिहिते. एक-दोन दिवसांत किलो-दीड किलो वजन वाढले तर ते पाणीच समजून लगेच कळवायचे, ही आपली सूचना तिने वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे. पुढच्या तपासणीला ती वही घेऊन येऊ. आपली ड्युटी असेल तर आपणही एकदा नजरेखालून घालावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी, पुणे